अठ्ठेचाळीसचे पन्नास

चहा घ्या आधी. ही गोष्ट ऐकल्यावर तुम्ही मला सर म्हणाल की नाही, याची मला खात्री नाही. माती सगळेच खातात हो. पण मी जी खाल्ली ती लाल पेनानं, सहीनिशी आणि शंभर झेरॉक्स काढून खाल्ली.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. गोंदियात स्टेशनजवळ एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यायचो. मी इंग्रजी शिकवायचो आणि गणित कटरे सर. क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भैयाजी म्हणायचो, ते काहीच शिकवायचे नाहीत, फक्त दारात खुर्ची टाकून बसायचे.

परीक्षेला दोनेक महिने उरले होते आणि कटरे सरांना कावीळ झाली.

भैयाजींनी मला बोलावलं. "सर, गणित आप संभाल लोगे ना? बीस-पच्चीस दिन की बात है. कटरेजी के पर्चे बने हुए हैं, जवाब भी पीछे लिखे हैं."

आता मला सांगा, "भैयाजी, मला दहावीला गणितात एकेचाळीस होते," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी म्हणालो, "क्यों नहीं."

पहिला आठवडा बरा गेला. कटरे सरांच्या वहीतली गणितं मी आदल्या दिवशी पाठ करायचो आणि फळ्याकडे तोंड करून धडाधड लिहायचो. पोरांना वाटायचं, सर तोंडी करतात. थोडंथोडं मलाही तसंच वाटायला लागलं. घात झाला तो तिथे.

दुसऱ्या आठवड्यात वेग, वेळ आणि अंतर आलं. एका सरावाच्या पर्च्यावर प्रश्न होता: एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी साठच्या वेगानं जाते आणि त्याच रस्त्यानं ताशी चाळीसच्या वेगानं परत येते, तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? मला वहीत पाहायचीही गरज वाटली नाही. साठ आणि चाळीस शंभर, त्याचे अर्धे पन्नास. हे काय गणित आहे? पान उलटून पाहिलं तर मागे उत्तर लिहिलेलं: अठ्ठेचाळीस.

तुम्ही असता तर काय केलं असतं? माझं काहीतरी चुकतंय, असं तुम्हाला वाटलं असतं. मला वाटलं, बिचारे कटरे सर. कावीळ एकदम थोडीच होते, आधीपासूनच बरं वाटत नसेल. मी खिशातून लाल पेन काढलं, अठ्ठेचाळीस खोडलं, पन्नास लिहिलं आणि शेजारी सही ठोकली.

वर्गात मी तसंच सांगितलं. सगळ्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. तिसऱ्या बाकावरून हात वर आला. ललिता. सालेकसा भागातल्या एका खेड्यातली पोरगी, रोज पॅसेंजरनं यायची. फारशी बोलायची नाही.

"सर, अठ्ठेचाळीस येते."

"कसं काय?"

"अंतर एकशेवीस धरा. जायला दोन तास, यायला तीन तास. दोनशेचाळीस भागिले पाच."

मी पर्चा उचलून वर धरला. "यात एकशेवीस कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाई सर, आपण धरायचं."

"परीक्षेत मनानं आकडे घालायचे नसतात."

"मंग साठ धरा. तरी अठ्ठेचाळीसच येते."

"म्हणजे आता तू रस्ताही छोटा करणार?"

वर्ग हसला. हसवायची मला सवय होती, इंग्रजीच्या तासाला ते खपून जायचं. पण ललिता हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "सर, हळू चालणाऱ्या गाडीत आपण जास्त वेळ बसून राहतो. म्हणून सरासरी चाळीसकडे झुकते."

ही पोरगी रोज रेल्वेत बसून येत होती. तिनं गणित माझ्यापुढे इतकं सोपं करून ठेवलं होतं की शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं फक्त एवढंच, की तीस पोरं माझ्याकडे बघत आहेत.

मी म्हणालो, "ज्यांना सरांपेक्षा जास्त येतं, त्यांनी बाहेर बसावं."

तिनं वही मिटली, पिशवीत टाकली आणि गेली. बाहेर बसली नाही. जिना उतरून सरळ निघून गेली. मी पुढचं गणित घेतलं.

इथवर थांबलो असतो तरी झाकून गेलं असतं. पण मी त्याच दुपारी भैयाजींना जाऊन सांगितलं, की कटरे सरांच्या पर्च्यांत चुका आहेत, मी एक पकडली. भैयाजी खुर्चीतून उठले. "वाह सर, आप तो छुपे रुस्तम निकले. सारे पर्चे देख डालिए."

आणि मी देखले. दोन दिवस बसून आणखी सात उत्तरं सुधारली. एका दुकानदारानं भाव वीस टक्के वाढवला आणि मग वीस टक्के कमी केला, तर काय झालं? मागे लिहिलं होतं, चार टक्के तोटा. मी लिहिलं, काहीच झालं नाही. प्रत्येक ठिकाणी सही. भैयाजींनी 'सुधारित' असा शिक्का मारून शंभर प्रती काढल्या. सकाळच्या बॅचला दिल्या, संध्याकाळच्या बॅचला दिल्या, उरलेल्या त्यांच्या आमगावच्या साडूच्या क्लासला पाठवल्या.

सोळा-सतरा दिवसांनी कटरे सर आले. अर्धे झाले होते. स्वेटर अंगावर लोंबत होता. भैयाजींनी मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातात पर्चा ठेवला. सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग मला पलीकडच्या खोलीत घेऊन गेले.

"हे तुमचं आहे?"

"हो सर. तुम्ही आजारी होता, म्हणून नजरचूक झाली असेल..."

"दुकानदाराचा माल शंभराचा धरा. वीस टक्के वाढवला, किती झाला?"

"एकशेवीस."

"आता एकशेवीसचे वीस टक्के काढा."

मी काढले. चोवीस आले. एकशेवीसमधून चोवीस गेले, शहाण्णव. मग सर एकेका प्रश्नावर पेन ठेवत गेले. आठ उत्तरं मी सुधारली होती. एखादं तरी माझं बरोबर निघेल, अशी आशा मी सातव्यापर्यंत धरून होतो.

शेवटी ते म्हणाले, "ललिता दिसली नाही आज."

त्या दिवसापासून ती आलीच नव्हती. मी जे घडलं ते सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला होता, की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"या बॅचमध्ये गणितात तीच एक पोरगी पक्की होती," ते म्हणाले. "वर्गाला मी सांगतो. आमगावलाही कळवतो. तिच्या घरी तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅसेंजरमध्ये बसलो. सालेकस्याला उतरून विचारत विचारत तासभर चाललो. गाव सापडलं, घर सापडलं. ललिताचे बाबा खळ्यावर धानाच्या राशीपाशी उभे होते. कोण आलंय ते कळल्यावर त्यांनी हातातलं सूप ठेवलं, पायजम्याला हात पुसले आणि स्वतः बाज आणून टाकली.

"पोरीचे सर? बसा, बसा. आजवर कोनी मास्तर आमच्या घरी आला नाई. सुट्ट्या लागल्या म्हने ना तुमच्या क्लासले?"

म्हणजे पोरीनं घरी काही सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात ललिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुट्ट्या संपल्या का सर?"

बघा, पोरीनं बापासमोर मला सुटायला दार उघडून दिलं होतं. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "हो, संपल्या." आणि पाणी प्यायलो.

बाबांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. ते समोर बसून वाढत होते. "घ्या ना सर. पोरीले घडवून राहिले तुमी. आमाले तर बेरीज आली की झालं." त्यांनी आणखी भात वाढला. "पोरगी नाव काढन तुमचं."

ललिता दाराला टेकून उभी होती. मी हात ताटात ठेवूनच म्हणालो, "काका, सुट्ट्या नव्हत्या. मी हिला वर्गाबाहेर काढलं होतं. गणित हिचं बरोबर होतं."

बाबांचा वाढायचा हात थांबला.

"पोरीचं बरोबर होतं?"

"हो."

"अन् तुमचं चुकलं?"

"हो."

"अन् बाहेर तिले काढलं?"

"हो."

ते विचारात पडले. रागावले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "म्हंजे तुमाले गनित येत नाई?"

"नाही."

"मंग शिकवत काऊन होते?"

ललिता म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, जेवू द्या त्यायले." मग मी तिच्याकडे वळून माफी मागितली. ती "असू द्या सर" म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन ती हसली की रडली, मला दिसलं नाही.

पुढचं सांगून टाकतो. ती परत आली, परीक्षा दिली आणि नागपूरला एमबीएला लागली. यात माझा वाटा एवढाच, की मी उरलेले दिवस गणिताच्या वर्गात पाय ठेवला नाही.

पण त्या दिवशी अजून गोंदियाला परतायचं होतं. बाबा म्हणाले, पाहुण्याला एकटं कसं सोडू? मला सायकलच्या कॅरियरवर बसवून ते स्टेशनवर आले. वाटेत पिठाच्या चक्कीपाशी थांबले. "हे ललिताचे सर. गोंदियावरून माफी मांगाले आले. गनित येत नाई यायले, पन मानूस चांगला आहे." मग न्हाव्याच्या दुकानापाशी थांबले. तिथेही तेच. त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ते मनापासून कौतुक करत होते.

स्टेशनवर कळलं, गाडी दोन तास लेट. बाबा माझ्यासोबत बाकावर बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला माझी ओळख करून देत राहिले. तिकीटखिडकीतला बाबूसुद्धा बाहेर येऊन मला बघून गेला.

शेवटी चहावाला आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातात कप दिला आणि बाबांना विचारलं, "गनित येत नाई, मंग शिकवते काय?"

"इंग्रजी," बाबा म्हणाले.

"ते येते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "येते."

बाबा चहावाल्याकडे वळले. "येते म्हनतात."