वाणाच्या पिशव्या

समोरच्या मावशी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पँटीकडे बघायच्या. कापड जाड आहे का, गुडघे विरलेत का, हे एका नजरेत ताडायच्या आणि निकाल द्यायच्या, "दोन पिशव्या निघतील हिच्यात. टाकाल तवा मला द्या." माझा नवरा एकदा नवीकोरी पँट घालून निघाला होता. त्यालाही म्हणाल्या, "सावकाश घाला साहेब, मला घाई नाय."

मावशींचं माहेर सिन्नरकडचं. नवरा सातपूरला कारखान्यात होता. तो तरणाताठा गेला आणि मावशींनी शाळेचे गणवेश शिवून मुलीला वाढवलं. पुढे प्लास्टिकवर बंदी आली. ती कुठे गेली ते बंदीलाच ठाऊक, पण आमच्या सिडकोत ती मनावर घेतली एकट्या मावशींनी. अख्ख्या बिल्डिंगच्या जुन्या कपड्यांच्या पिशव्या झाल्या. पँटीचा खिसा त्या उसवायच्या नाहीत, पिशवीच्या आतल्या बाजूला ठेवायच्या. "कोथिंबिरीसाठी हाय तो. बटाट्याखाली तिचा जीव जातो."

मी शाळेत शिकवते. पर्यावरणाच्या तासाला पोरांना मावशींचं उदाहरण द्यायचे आणि येताना स्वतः कॅरीबॅगमधून टोमॅटो आणायचे. मावशी दारातूनच विचारायच्या, "काय बाई, आज पिशवी रजेवर का?"

एका संक्रांतीच्या महिनाभर आधी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. म्हटलं, "मावशी, यंदा माझ्या हळदीकुंकवाला वाण तुमच्या पिशव्यांचं. एकावन्न शिवा."

मशीन थांबलं. "माझ्या हातचं वाण? बघा बरं, बाई. बाया काय म्हणतील?"

"कोण काय म्हणतंय! कुठल्या जमान्यात आहात तुम्ही?" मी ठणकावून सांगितलं.

नवरा गेल्यापासून मावशींना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. मीही नाही. पण त्या महिनाभर शिवत बसल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना. वाणाला जुनं कापड नको म्हणून मांजरपाट आणलं, पण आत कोथिंबिरीचा खिसा मुद्दाम शिवला. पेटीतली हिरवी साडी काढली, जी त्यांनी नवऱ्यामागे अंगाला लावली नव्हती, आणि तिचे जरीचे काठ प्रत्येक पिशवीला लावले.

आदल्या दिवशी माझी नणंद आली. पिशव्यांचं ऐकून तिचा चेहराच उतरला. "अगं, विधवेच्या हातचं वाण सवाष्णींना? वर तिच्याच साडीचे काठ? कुणाच्या घरात काही झालं तर तुझं नाव घेतील." मी तिला झापायला हवं होतं. मी रविवार कारंज्याच्या बाजारात गेले आणि वाणाला प्लास्टिकचे डबे घेऊन आले.

संध्याकाळी मावशी धुतलेलं पातळ नेसून, दार अर्धं उघडं ठेवून बसल्या होत्या. मशीनवर पिशव्यांची चळत होती. समोरून बायका डबे मिरवत जात राहिल्या. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. "मावशी, इतकी घाई झाली ना, की..."

"ऱ्हाऊ द्या. तुम्हाला खोटं बोलायला जमत नाय, बाई." त्या उठल्या, डब्यातून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या," एवढंच म्हणाल्या. पुढचं म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात त्या मुलीकडे सिन्नरला गेल्या. मशीन टेम्पोत चढताना मी गॅलरीतून बघितलं. खाली उतरायचं धाडस झालं नाही. दिवाळीनंतर त्या गेल्याचंच कळलं.

परवा बाजारात नेहमीसारखी हात हलवत गेले. भाजीवालीने तराजूखालून एक पिशवी ओढून काढली. जरीचा हिरवा काठ मी लगेच ओळखला.

"मशीनवाल्या मावशींनी जाताना समद्या आम्हाला वाटल्या," ती सांगू लागली. "म्हणल्या, बाया पिशवी इसरत्यात, त्यांना देत जा. न्या ताई, पण उद्या परत आणा बरं का. दुसरीला लागंल."

घरी आल्यावर कोथिंबीर आतल्या खिशात सापडली. जरा चुरगळली नव्हती. ती पिशवी ठेवून घ्यावी असं फार वाटलं, पण कुठल्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून परत केली. माझ्याकडे त्या वाणातले उरलेले सहा डबे आहेत. मेल्या एकालाही अजून तडा गेलेला नाही.