न चाखता निवडलेली लाल वाइन

लढाईमुळे फ्रान्सची वाइन यायची बंद झाली, तेव्हा तुंगार्लीच्या बंगल्यातल्या पारशी बाईसाहेबांनी मला, त्यांच्या स्वयंपाक्याला, बजावलं, "रोज जेवताना घेता येईल अशी स्वस्त, चांगली लाल वाइन शोध, नाहीतर बंगला बंद करून मी मुंबईला जाते." म्हणजे माझी नोकरी गेलीच! त्यात माझ्या गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंबही जिभेला लावायची सोय नाही.

लोणावळ्याच्या बाजारातला दुकानदार हसला. "भाऊ, चाखल्याबिगर कळंल कसं?"

"नैवेद्य कोण चाखतं? आमी वासावर मीठ वळखतो," मी ऐटीत म्हणालो. त्यानं गिऱ्हाइकांना चाखवायला उघडलेल्या चार बाटल्या मी हुंगल्या. शपथेवर सांगतो, नाकालाच झिंग चढली! सगळ्यात स्वस्त बाटलीला पिकल्या जांभळांचा वास होता. तसलीच एक घेतली.

बाईसाहेबांनी घोट घेऊन डोळे मिटले. माझं काळीज असं धडधडलं, की घाट चढणारं इंजिन लाजून थांबलं असेल.

"फक्कड! आता रोज हीच. दुकानदाराकडे बाटल्या किती आहेत?"

हुंगण्याच्या नादात तेच विचारायचं राहिलं होतं. मी वहाणा न घालताच बाजाराकडे धावत सुटलो.