शिवातात्याची जीभ

गडब गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी जी खारी शेती आहे, तिथं शिवाच्या जिभेपुढं कुणाची बिशाद नव्हती. बाकीच्यांच्या जिभा बोलण्यात तरबेज, ह्याची माती चाखण्यात! तरुणपणी वीस वर्षं मिठागरात राबला, तिथंच ती तयार झाली. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, की पावसानं त्यातलं मीठ किती धुतलं हे कोण सांगणार? शिवा बोटभर चिखल जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "पेरा." नाहीतर, "थांबा." गाव तसंच वागायचं.

बापाच्या वेळचं उधाण बांधाच्या कमरेला लागून माघारी फिरायचं. आता मेलं डोक्यावरून उडी घेतं. तीन वर्षांपूर्वी असंच आलं, बांध गेला, शेतांची खाडी झाली. गावानं बांध पुन्हा घातला, चांगला दोन हात उंच केला आणि दोन पावसाळे शेतं नुसती धुऊ दिली. खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भात, राता, त्याचं बियाणं गावातल्या महिपतीच्या घरी अर्धं पोतं उरलं होतं. यंदा पेरलं नाही तर ते पुढं रुजायचं नाही. आणि रातालासुद्धा फार खार सोसत नाही. चुकीच्या मातीत पडलं तर वंशच बुडाला.

आषाढातल्या एका सकाळी शिवानं खाडीकाठच्या सातही शेतांतला चिखल चाखला. कुठंच खार लागला नाही. "पेरा रे!" त्यानं आरोळी दिली आणि बांधावरच बसून राहिला. शेतातल्या पाण्यात ढग उतरले होते. बघता बघता त्याला त्यात लाल लोंब्या दिसायला लागल्या, वाऱ्यानं डुलणाऱ्या, आणि त्यांच्यामधून डोक्यावर न्याहारी घेऊन येणारी धोंडुबाई, त्याची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आलीस गो?" तो मोठ्यानं म्हणाला. एक बगळा उडाला. शिवाला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी सुनेनं, नमितानं, ताट वाढलं. नमिता रोह्याजवळच्या वरसेची. "हिच्या हाताला चवच नाय," ही शिवाची दोन वर्षांची कुरकुर. वरून मीठ घेतल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. आज मात्र त्यानं कालवण चाटूनपुसून खाल्लं.

"आज जमलं बघ तुला!"

नमितानं पहिला घास घेतला आणि मोरीकडं धावली. "अहो बाबा, मीठ दोनदा पडलंय! तोंडात धरवत नाय. तुम्ही खाल्लंत कसं?"

 शिवानं बरणीतला मिठाचा खडा तोंडात टाकून चावला. वाळू चावावी तसा लागला. म्हणजे चव अन्नाची गेली नव्हती, जिभेची गेली होती. सकाळची ती सात शेतं! आता गप्प बसलं आणि भात जळलं, तर खाडीवर ढकलता आलं असतं. खाडी काय, सगळ्यांचंच ऐकून घेते. हा विचार त्याच्या मनात आला, खोटं कशाला बोला. मग तो उष्ट्या हातानंच उठला.

महिपतीच्या पडवीत बी भिजत घालायला चारजण पिंप भरत होते.

"थांबा!" शिवा धापा टाकत म्हणाला. "माझी जीभ मेली रे. मिठाचा खडासुद्धा कळत नाय मला."

कुणीतरी हसलं. मग त्याचं तोंड बघून पिंपात पाणी ओतणारे हात थांबले.

"आता कोण चाखणार?" महिपती म्हणाला.

शिवानं मागून धावत आलेल्या नमिताकडं बोट दाखवलं.

"मी? माती खाऊ?" नमितानं तोंडाला पदर लावला. पण गेली बाई. पहिल्या शेतात थू थू करत म्हणाली, "खारट." दुसऱ्यात, "खारट." तिसऱ्यात तर तिला ओकारीच आली. अशी सहा शेतं गेली. प्रत्येक वेळी शिवाच्या डोळ्यांपुढची लाल लोंबी मिटत गेली, आणि धोंडुबाई तर केव्हाच दिसेनाशी झाली.

सातवं शेत सगळ्यांत वरचं, लहानसं. नमितानं चिखल तोंडात धरला. बराच वेळ धरला.

"ह्यात नाय खार."

महिपतीनं सवयीनं शिवाकडं पाहिलं. शिवानंही तोच चिखल जिभेवर ठेवला. काही म्हणता काही लागलं नाही.

"नमिते, माझं मन राखायला तर नाय ना म्हणत?"

"सहा वेळा राखलं का?"

शिवा महिपतीकडं वळला. "माझ्या तोंडाकडं काय बघतोस? तिनं सांगितलं ना. टाक बी भिजत."