आखाजीचं रडू

हसा खुशाल, पण माझ्या शहाणपणाची ही गोष्ट ऐकाच. मी धुळ्याला कचेरीत कारकून होतो तेव्हाची, सत्तर-एकाहत्तर सालची. माघात माझी बायको सुमन काविळीनं गेली. घरात उरलो मी आणि भिंती. वैशाख उजाडला तरी माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणायचे, रडा हो, नाहीतर आतल्या आत कुजाल. आता रडू म्हणजे काय नळाची तोटी आहे?

शेवटी कचेरीतले नाना म्हणाले, पांझरेच्या काठी निंबाखाली संध्याकाळी काही जण बसतात, सगळ्यांच्या बायका गेलेल्या. मीही त्यातलाच, तुम्हीही या. एकमेकांशी बोललं की दिवस ढकलता येतो.

मी निघालो तो नेमका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. सकाळी सुमनच्या नावानं घागर भरली होती आणि त्या घागरीसमोर बसवेना. काठावर निंबाखाली चार जण दिसले. तीन दगडांची चूल, वर खिचडी. नाना नव्हते, पण म्हटलं येतील.

मी बिचकत म्हणालो, "माझी बायको गेली."

"या, बसा. आमच्या सगळ्यांच्याच गेल्यात," एक जण म्हणाला आणि त्यानं चिरायला कांदा माझ्या हाती दिला. कुणी बिडी ओढत होता, कुणी गुणगुणत होता. मी थक्क झालो. दुःख पचवावं तर या माणसांनी!

शेजारी गिरणीतला बापू बसला होता. त्यानं विचारलं, "तुमनी कव्हय गई?" म्हटलं, माघात. इतके दिवस झाले म्हणून तो हळहळला. त्याची म्हणे परवाच गेली होती.

परवा? आणि हा खिचडी ढवळतोय?

"पोरे बी तिन्हाच संगे गयात," तो म्हणाला. "एकच गाडीम्हा."

बायको, पोरं, एकाच गाडीत! कुठल्यातरी घाटात कोसळलेली ती गाडी मला डोळ्यांसमोर दिसली आणि इतके दिवस अडलेलं सगळं फुटलं. बापूच्या गळ्यात पडून मी हंबरडा फोडला. त्याला आधी वाटलं, कांदा झोंबला. मग माझी पाठ थोपटत तो समजावू लागला की भांडण झालं असेल तर स्वतः जा, दोन शब्द गोड बोला आणि घेऊन या.

"कुठून आणू?"

"माहेरहून. आणखी कुठून?" बिडी ओढणारा म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाजीला खानदेशातल्या झाडून साऱ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, हे शेंबडं पोरही सांगेल. नानांची ती विधुर मंडळी त्या दिवशी आपापल्या घरी घागरीपाशी होती. हे चौघे, बायका माहेरी गेल्या म्हणून नदीवर मजा करायला जमले होते.

"माझी वारली," मी म्हणालो.

गुणगुणणं थांबलं. खिचडी करपल्याचा वास आला, पण कुणी उठेना. बापूनं माझ्या हातातला कांदा काढून घेतला.

"भाऊ, मन्हाकरता रडनात ना तुम्ही? आते तिन्हाकरता रडी ल्या. आम्ही शेतस आठे."

आम्ही आहोत इथे, असं म्हणून चौघेही माझ्याभोवती बसून राहिले, मी रडायची वाट बघत. अंधार पडला. मी पुष्कळ जोर लावला. नाहीच आलं. शेवटी त्यांचा खोळंबा नको म्हणून उठलो आणि घरी आलो.

तर असा हा मी. स्वतःची बायको गेली तेव्हा कोरडा राहिलो, आणि जन्मात एकदाच काय तो धाय मोकलून रडलो, तो गिरणीतल्या बापूच्या बायकोसाठी. ती बिचारी त्या वेळी माहेरी झोक्यावर बसून गाणी म्हणत असेल.