जामुलच्या पुढे बंद पडणारी पिकअप

गॅरेजात दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगाराचा निदान लिलाव तरी होतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते आपल्याजवळच राहतात, आणि चार जुने दोस्त बसले की एकाला हात लावावा तर मागचे सगळे धडाधड खाली येतात.

आमच्या भिलाईच्या गॅरेजातले किस्से बहुतेक संशयाचे. कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. भट्टी पेटायची होती, पण संशय पहिल्या दिवसापासून पेटलेला. सारी वस्तीच नवी. पंजाबी, मद्रासी, बंगाली, रशियन आणि आम्ही भंडारा-गोंदियाकडचे. कोण कुठून आलं आणि काय करून आलं, कोणालाच ठाऊक नाही. मग माणूस दुसऱ्याच्या पेटीकडे बघणार नाही तर काय करणार?

मी डिझेल मेकॅनिक. गाडी ओढत नाही अशी तक्रार आली की मी फिल्टर बघायचो, पंप बघायचो, नोझल बघायचो. आमचे ट्रान्सपोर्टचे इन्चार्ज बोधनकर साहेब मात्र सगळ्यात आधी ड्रायव्हरचं तोंड बघायचे!

*

बोधनकर साहेब दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. माणूस सज्जन, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या आधी हजर. पण डिझेलचं नाव निघालं की त्यांचा सख्ख्या भावावरही भरवसा नव्हता. हातात कायम एक बांबूची काडी, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खुणा. दिसली गाडी की उघड टाकी, घाल काडी. पातळी बरोबर निघाली तरी समाधान नाही, मग रुमालाचं टोक डिझेलमध्ये बुडवून वास घ्यायचा. कोणी रॉकेल मिसळलं तर नाही?

रोजचे हे रुमाल धुवायला जायचे रिसालीच्या धोब्याकडे. आमच्या ड्रायव्हरांचे कपडेही तोच धुवायचा. एक दिवस त्यानं सहज बोलून दाखवलं, की ड्रायव्हरांच्या सदऱ्यांना येत नाही एवढा डिझेलचा वास साहेबांच्या रुमालांना येतो. झालं! आठवड्याच्या आत साऱ्या कॅम्पात कुजबुज सुरू झाली, की डिझेल विकतो तो साहेबच.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागानं लाल झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोक किती संशयी असतात, बघितलंत?"

*

आता साहेबांची बाजूही सांगायला पाहिजे. त्यांचा संशय एकदा अगदी खरा निघाला होता, आणि तेच सगळ्यांना महागात पडलं.

ठेकेदाराची एक पिकअप गचके खात गॅरेजात आली. थोडी चाले, थोडी अडखळे. मी टाकीच्या तळाचा बोल्ट काढला आणि खाली घमेलं धरलं. आधी आलं पाणी. मग आलं डिझेल. आणि मधेच घमेल्यात पडली बोटाच्या पेराएवढी मासोळी.

साहेब काडी घेऊन उभेच होते. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं की डिझेलमध्ये मासोळी कुठून आली. त्यानं जराही न चाचरता उत्तर दिलं, "साहेब, औंदा पाणी लय झालं ना."

गडी त्याच दिवशी घरी गेला. डिझेल विकून टाकी तळ्याच्या पाण्यानं भरायची त्याची हिंमत मला अजून आठवते. पण त्या मासोळीनंतर साहेबांना झोप येईना. टाकीच्या झाकणाचं ते निरीक्षण करत बसले आणि त्यांना झाकणावर सुईएवढं भोक सापडलं. म्हणाले, यातून बारीक नळी घालून ओढत असतील. मी सांगितलं की हे कंपनीनंच ठेवलेलं असतं. साहेब म्हणाले, "कंपनीला आपले ड्रायव्हर कुठं माहीत आहेत?"

मग रोज सकाळी टाकी भरली की झाकणाला कुलूप आणि वरून भोकासकट लाखेचं सील, त्यावर साहेबांच्या अंगठीचा ठसा. आधी एकाच गाडीवर करून बघायचं ठरलं. सगळ्यात नवी आणि लांब जाणारी होती ड्रायव्हर झिबलभाऊची पिकअप. ती कारखान्यातून नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर सामान न्यायची. सील साहेबांच्या हातानं फुटलं तर ठीक, दुसऱ्या कोणी फोडलं तर त्याची नोकरी गेली!

*

संशयाची लागण आम्हालाही झाली होती, नाही असं नाही. आम्हाला वाटायचं, स्टोअरवाले आमचेच जुने फिल्टर पुसून नवे म्हणून देतात. म्हणून काढलेल्या प्रत्येक फिल्टरवर आम्ही लाल ठिपका द्यायला लागलो. तिकडे स्टोअरवाल्यांना वाटायचं, आम्ही नवे फिल्टर बाहेर विकतो. म्हणून त्यांनी दिलेल्या प्रत्येक फिल्टरवर निळा ठिपका सुरू केला.

एक दिवस एका फिल्टरवर दोन्ही ठिपके निघाले. कोण चोर, यावर अर्धा दिवस भांडण. अहो, त्यांनी दिलेला आणि आम्ही काढलेला फिल्टर म्हटल्यावर दोन्ही ठिपके असणारच! पण हे सुचायला डोकं थंड लागतं. शेवटी साहेब आले, त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येक फिल्टरवर आपला पिवळा ठिपका सुरू केला.

*

एकदा आमचं प्रेशर गेज पडून फुटलं. डिझेल पंपापर्यंत किती जोरानं पोचतं ते त्याच्यावर कळायचं. नवं येईपर्यंत शेजारच्या रशियन इंजिनियरनं आपलं गेज वापरायला दिलं. मी ते एका चांगल्या गाडीला लावलं. आमच्या गेजवर काटा वीस-बावीसवर उभा राहायचा, इथं दीडवर!

साहेब म्हणाले, नवा पंप काढून कोणीतरी जुना बसवलाय. गेट बंद झालं. सगळ्या मेकॅनिकांच्या पेट्या अंगणात उघडल्या गेल्या. कोणाच्या पेटीत सत्तू, कोणाच्या पेटीत बायकोचा फोटो, एकाच्या पेटीत नुसतेच कांदे. पंप काही निघेना.

तेवढ्यात तो रशियन आपलं गेज न्यायला आला, दुभाष्याला घेऊन. आमचं गेज पौंडाचं, त्याचं किलोचं, त्याचं दीड म्हणजेच आमचं वीस-बावीस, हे त्यानं काटा बघून लगेच सांगितलं. मग एकेका उघड्या पेटीत डोकावून तो काहीतरी बोलला. दुभाष्या संकोचानं म्हणाला, "साहेब पूछ रहे हैं, आपके यहाँ प्रेशर पेटी में रखते हैं क्या?"

*

आता झिबलभाऊ. भंडाऱ्याकडचा, माझ्याहून थोडा मोठा, खालच्या आवाजात बोलणारा. गावच्या शेतातली आपली वाटणी भावाला देऊन इथं आला होता, नोकरीत कायम व्हायच्या बेतात होता. बायको सगुणावहिनी नुकतीच येऊन क्वार्टरमध्ये राहायला लागली होती.

आणि नेमकी त्याचीच पिकअप बंद पडायला लागली. गॅरेजातून निघायची तेव्हा झकास. वाटेतलं जामुल गाव मागं पडलं की जोर कमी व्हायचा, मग धापा टाकायची, मग बंद! आणि बंद कुठं पडायची? रोज त्याच झाडाखाली, जिथं एक बाई मोहाची दारू विकायला बसायची.

निरोप मिळाला की साहेब जीप घेऊन जात. त्यांना पोचायला तास तरी लागायचाच. सील बघायचे, शाबूत. सील फोडून काडी घालायचे, टाकी भरलेली. स्टार्टर मारायला सांगायचे, तर गाडी पहिल्याच दणक्यात चालू. मग साहेब एकदा गाडीकडे बघायचे, एकदा झिबलभाऊकडे आणि एकदा त्या बाईच्या मडक्याकडे.

मी फिल्टर बदलला. पंप बदलला. पाइप फुंकून पाहिले. टाकीचं झाकण काढून ठेवून गॅरेजात दिवसभर इंजिन चालवलं, काटा जागचा हलला नाही. शेवटी मलाही वाटायला लागलं, की हा माणूस झाडाखाली बसायला जातो की काय.

साहेबांनी सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर नोकरी संपली. त्या संध्याकाळी झिबलभाऊ माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "वाटणी भावाले देऊन आलो ना गा. आता कोणत्या तोंडानं परत जाऊ? थेंब पेत नाही मी. पन गाडीच तिथं थांबते, त्याले मी काय करू?"

मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ठरवलं, की आज आपणच गाडीत बसायचं. कामावरून काढल्याचा कागद त्यांनी टाइप करून, सही करून खिशातच घेतला होता. मी गेजची नळी केबिनमध्ये ओढून घेतली आणि गेज मांडीवर धरून मधे बसलो. निघायच्या वेळी सगुणावहिनी आली आणि मागे डाल्यात, म्हणजे सामानाच्या उघड्या हौद्यात, चढून बसली. झाडाखालच्या बाईची खबर तिलाही कोणीतरी पोचवली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, खाण पाहाची आहे. तिच्या चेहऱ्यावर खाण पाहण्याची हौस काही दिसत नव्हती.

जामुलपर्यंत गाडी छान गेली. जामुल संपलं आणि मांडीवरचा काटा खाली यायला लागला. मी साहेबांना दाखवला. साहेब काट्याकडे बघेनात, ते झिबलभाऊच्या पायाकडे बघत होते. पाय ॲक्सिलेटरवर पूर्ण दाबलेला. काटा शून्यावर आला, गाडीनं दोन गचके खाल्ले आणि बरोबर त्या झाडाखाली जाऊन थांबली.

मडक्यामागून ती बाई हसून म्हणाली, "आगे का भइया? आज तो भउजी ला घलो लाने हस!" म्हणजे आलास का भाऊ, आज तर वहिनीलाही आणलंस.

डाल्यात बांगड्या वाजल्या. साहेबांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. झिबलभाऊ स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण कागद द्यायच्या आधी काडी घालायची, हा साहेबांचा नियम. ते उतरले, कुलूप काढलं, लाख फोडली आणि झाकण फिरवलं.

टाकीनं सूं करून असा श्वास आत ओढला, की मडक्यामागची बाईसुद्धा उठून उभी राहिली.

साहेबांनी झाकण उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. भोकात त्यांचीच लाख घट्ट बसलेली, डिझेल कमी होईल तशी आत जायची हवा बाहेरच अडकलेली. मग ते हळूच म्हणाले, "पिन आहे का कोणाजवळ?"

सगुणावहिनीनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. साहेबांनी भोकातली लाख टोकरून काढली. खिशातला तो कागद काढून त्याला पिन स्वच्छ पुसली, कागदाचा बोळा करून रस्त्याकडेला फेकला आणि पिन वहिनीला परत दिली. मग झाकण लावून त्यांनी झिबलभाऊला स्टार्टर मारायला सांगितलं. गाडी लगेच चालू झाली, काटा उडी मारून जागेवर आला.

झिबलभाऊनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी तो हसला.

वहिनी पिन पुन्हा बांगडीत अडकवत होती. नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "गाडीचं समजलं. पन तिले कसं समजलं, मी तुमची बायको आहो म्हनून?"

साहेब पुन्हा केबिनमध्ये चढायला निघाले होते, ते थांबले. काडी बगलेत मारून त्यांनी झिबलभाऊच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"हो झिबल," ते म्हणाले, "हे मात्र तुला सांगावं लागेल."