"एकोणीस चालू हाय, सायेब"

"सायेब, मला एकोणीस चालू हाय," ओंकार छाती काढून म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्या डोक्यावरून, रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे बघितलं. खांबावर फ्लेक्स होता. फ्लेक्सवर गॉगल घातलेला, मोबाइल कानाला लावलेला हाच ओंकार. खाली ठळक अक्षरांत छापलेलं : युवकांचे आशास्थान ओंकारभैय्या यांना सतराव्या वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा.

"मग तो कोण बे?" मी विचारलं.

ओंकारने वळून बघितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"छापणाऱ्याची चुकी हाय, सायेब."

मागं उभी असलेली त्याचीच गँग खो-खो हसायला लागली. संपलं की मग!

मी बीडमधल्या एका जुन्या सिंगल स्क्रीनचा मॅनेजर आहे. सिंगल स्क्रीन म्हणजे एकच पडदा असलेलं थिएटर, मॉलमधलं नव्हे. केस याच धंद्यात पांढरे झाले. हिरोच्या कटआउटला दुधाने अंघोळ घालणारी पोरं बघितली, खुर्च्यांवर नाचणारी बघितली. पण गेल्या दिवाळीत जी गंमत झाली तशी आधी कधी झाली नव्हती.

साऊथच्या एका हिरोचा हिंदीत डब झालेला पिक्चर लागणार होता. पोरं त्याला 'अण्णा' म्हणतात. नेकनूरकडच्या पोरांनी त्याचा फॅन क्लब काढलेला. अध्यक्ष अर्थात ओंकार. टीझर आल्यापासून हा पठ्ठ्या दर रविवारी थिएटरवर यायचा आणि विचारायचा, "सायेब, कटआउट कुठं लावायचं?" फर्स्ट डे फर्स्ट शोची तिकिटं थोरल्या चुलतभावाला पुढं करून कधीच घेऊन ठेवली होती.

आणि रिलीजच्या तोंडावर डिस्ट्रिब्युटरचा फोन आला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे पिक्चर गावोगावच्या थिएटरांना पुरवणारा माणूस.

"सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं. 'A' आहे."

मी कपाळाला हात लावला. पिक्चर सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद दिसतो ना, तेच हे सर्टिफिकेट. त्यावर 'U' असेल तर सगळ्यांनी बघा. 'UA' असेल तर लहान पोरांबाबत आईबापांनी ठरवायचं. त्यातही आता सात, तेरा, सोळा असे वयाचे भाग केलेत. पण 'A' म्हणजे अठराच्या खालचा माणूस आत नाही. आईबाप सोबत असले तरी नाही. मारामारीत रक्त फार होतं म्हणे.

मालकांना सांगितलं. मालक हाडाचे धंदेवाले.

"सोड रे पोरांना. कोण बघायला येतंय? पोरं नसली तर शिट्ट्या कोण मारणार?"

"मालक, लायसन्सवर तुमचं नाव आहे."

त्यांनी लगेच सूर बदलला. मग म्हणाले, "गेटवर तू स्वतः उभा राहा. कडक तपास."

म्हणून शुक्रवारी बाराच्या शोला मी गेटवर होतो. काय एकेक नमुने आले सांगू! एकाने बापाचा सफारी घातलेला, बाह्या बोटांच्या खाली. एकाने मिशी काळी केलेली, ती घामाने ओठावर उतरली. एक म्हणाला, मी ह्याचा काका हाय, आणि ज्याला पुतण्या केलं तो त्याच्यापेक्षा वीतभर उंच. आधार मागितलं की सगळ्यांचं एकजात घरी राहिलेलं. आणि या सगळ्यांचा म्होरक्या त्या फ्लेक्सने उघडा पाडला. आमच्या जिल्ह्यात वाढदिवस घरात नाही, चौकात होतो. फ्लेक्स लावायला दहा जण चढतात. उतरवायची आठवण कुणालाच राहत नाही.

पोरं हसत होती, पण ओंकार हसत नव्हता. तो मला बाजूला घेऊन गेला.

"सायेब, पाया पडतो. ह्यांचं सोडा. हे पुढच्या आठवड्यात बी कायतरी करून बघतेल. परवा आमची टोळी निघती. मी माय-आबासंगं जाणार हाय."

टोळी म्हणजे ऊस तोडायला जाणाऱ्यांची. ट्रक भरून माणसं कारखान्यावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. तिथं उसाच्या फडात कुठलं थिएटर आणि कुठला अण्णा!

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पण एकाला सोडलं की गेट गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"न्हाई जमणार, ओंकार."

तो तोंड फिरवून उभा राहिला. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, "रडत न्हाई मी. फटाक्याचा धूर गेलाय डोळ्यात."

तेवढ्यात त्याचे आईवडील आले. परवाच्या प्रवासाचा बाजार करायला दोघं बीडला आलेली. वडील भागवतराव, खांद्यावर नवी ताडपत्री. आईच्या हातात दोन पिशव्या. पोराचं तोंड बघून भागवतरावांनी विचारलं, "कावून अडवलं सायेब? तिकीट तर हाय त्याच्याकडं."

मी समजावून सांगितलं.

"मग मी बसतो की शेजारी. रगत आलं की त्याचं डोळं झाकतो."

"बाप सोबत असला तरी चालत नाही, भागवतराव. तुम्ही एकटे जाऊ शकता, तो नाही."

हे मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. पण ओंकारने झटकन नाक पुसलं आणि खिशातून दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक उपाध्यक्षाचं.

"आबा, तुमी जा. माय, तू बी जा."

"अगंबाई! मला काय कळतंय त्यातलं?" आई लाजून चूर.

"कळायचं काय त्यात? एंट्री नीट बघायची. अण्णा कुठून येतो, अंगात काय घालतो, पहिलं वाक्य काय म्हणतो. सगळं ध्यानात ठेवून मला सांगायचं. आबा, झोपायचं न्हाई आत!"

अध्यक्षाने वाट दाखवली आणि बाकीच्यांनी मोबाइल काढले. कुणाचा मामा आला, कुणाचा थोरला भाऊ, कुणाचे दूधवाले चुलते किटल्यांसकट. किटल्या मी ऑफिसात ठेवून घेतल्या. पोरांना म्हटलं, आवारात काय करायचं ते करा. त्यांनी हलगी कडाडून वाजवली, कटआउटला हार घातला, नारळ फोडला. हॉलमध्ये मात्र सगळी पोक्त मंडळी, कीर्तनाला बसल्यासारखी हात जोडून गप्प. बाल्कनीतून मालकांनी मला खूण केली : शिट्ट्या कुठंयत?

मी दारात उभा होतो. पडद्यावर धूळ उडाली, ढोल वाजले, अण्णाचा पाय दिसला. हॉल थंड. आणि एकदम अशी शिट्टी आली की माझ्या कानाचे पडदे फाटले! भागवतराव खुर्चीवरून उठून, दोन बोटं तोंडात घालून उभे. फडात उसाने भरलेला ट्रॅक्टर थांबवायला मारतात ना, ती शिट्टी. मग काय, मामा उठले, चुलते उठले, नुसता दंगा. बाल्कनीत मालक खूश.

मी बाहेर आलो तर हलगी थांबलेली. आमच्या जुन्या दारांतून शिट्टी आवारात पोचली होती. ओंकार कान टवकारून उभा.

"माझ्या आबाची हाय ती!" तो ओरडला. "एंट्री झाली रे! अण्णाची एंट्री झाली!" आणि पोरांनी त्याला उचलून घेतलं.

पिक्चर सुटल्यावर भागवतरावांनी पार्किंगमध्ये अख्खी एंट्री करून दाखवली. ताडपत्री खांद्यावर टाकून ते स्कूटरींच्या मधून चालत आले, थांबले, मान वळवली. हिंदी वाक्य त्यांनी मराठीतच म्हटलं. मी पिक्चर बघितलाय, म्हणून सांगतो, अण्णापेक्षा भागवतराव बरे. आई फक्त एवढंच म्हणाली, "बरं झालं तू नव्हतास रे. लई कापाकापी हाय." पण ती हसत होती. ओंकारने बापाकडून एंट्री पुन्हा करून घेतली. मग पुन्हा एकदा.

रविवारी टोळी गेली. फ्लेक्स खांबावर फडफडत राहिला. उन्हाने ओंकारच्या गॉगलचा रंग उडाला.

यंदा एके सकाळी थिएटर उघडायला आलो तर त्याच खांबावर नवा फ्लेक्स. ओंकारभैय्या, नवा गॉगल, तोच मोबाइल. शेजारी ताडपत्री खांद्यावर टाकलेले भागवतराव. 'अठराव्या वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा.' त्यातला अठराचा आकडा भोपळ्याएवढा. आणि खाली एक ओळ : थिएटर मॅनेजरसाहेबांनी नोंद घ्यावी.

नोंद घेतली. गेटवरच्या आमच्या माणसांनाही सांगून ठेवलंय : आधी खांब वाचा, मग आधार मागा.