ब्लॉग बंद करायचं ठरवलं तेव्हा

मैलापूरच्या आमच्या घरी रविवारच्या जेवणाला मी जाहीर केलं, की आता ब्लॉग बंद करणार. निदान एकानं तरी 'नको' म्हणावं, एवढीच आशा होती.

"अप्पा, तो अजून सुरू होता?" मुलगी म्हणाली. "ब्लॉग कोण वाचतं आता? रील करा."

"रील बरी," तंजावरहून आलेली आत्या ताकभात कालवत म्हणाली. "लोक दोन दिवसांत विसरतात. ह्यानं लिहिलेलं जातच नाही."

मी खुललो. "कुठलं गं?"

"मी मयताच्या घरी हुकमी रडते, मधे कॉफी मागते, पुन्हा रडते, ते. सगळे नातेवाईक पोट धरून हसले."

"गंमत होती, आत्या."

"हो तर. मग तुझे आतोबा गेले. रडू गळ्याशी आलं, पण समोर बसलेल्या सगळ्यांनी ते वाचलेलं. तेरावं होईपर्यंत मी रडलेच नाही."

बायकोनं मान खाली घातली. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं, "सगळ्यांनी वाचलं होतं?"

"सगळ्यांनी," आत्या म्हणाली. आणि लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं.